डिझेल इंजिनातील गळती : शोध आणि उपाय

महोत्सवी स्मरणिकेत आठवणी, आभार आणि शुभेच्छा यांना तोटा नसतो. त्यांच्या पंगतीत डिझेल इंजिनाच्या गळतीवरचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या न्यासाच्या सभासद-कुटुंबांकडे सहज नजर टाकली तरी या विषयाचे प्रयोजन ध्यानात येईल. कोणाचा मालवाहू टेंपो आहे, कोणाची शाळेची बस आहे, कोणाचा सीहोर वा रायसेनकडे शेतीचा ट्रॅक्टर आहे. न्यासाच्या सभागृहामागे वीज गेली की सुरू होणारा जनरेटर आहे आणि दाराशी रुग्णवाहिका आहे. ही सारी यंत्रे डिझेलवर चालतात. शिवाय कित्येक घरांतील मुले शहरातील गॅरेजांत उस्तादांच्या हाताखाली काम शिकत आहेत. मालक, चालक आणि कारागीर या तिघांनाही उपयोगी पडावे, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत. आम्ही पेशाने विज्ञानशिक्षक. म्हणून पाना कसा फिरवावा यापेक्षा पाना उचलण्यापूर्वी विचार कसा करावा, यावरच आमचा भर राहील.

सांगावयाची मुख्य गोष्ट प्रारंभीच सांगून टाकतो. गळतीचा डाग दिसतो तेथे गळती बहुधा नसते. आणि सर्वांत घातक गळती तर डोळ्यांना दिसतच नाही.

तीन प्रवाह, एक घर

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या इंजिनाच्या कल्पनेचे पेटंट मागितले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीस उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याने कामात आणला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हे साधत नव्हते. युक्ती अशी, की हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारावयाचा. तो ठिणगीवाचून पेटतो. आपल्याकडे सातारच्या कूपर कारखान्याने व पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने हे यंत्र खेडोपाडी पोचविले. विहिरीवरच्या इंजिनाची टकटक ऐकतच महाराष्ट्राच्या व माळव्याच्या शेतकऱ्यांची एक पिढी मोठी झाली.

अशा कोणत्याही इंजिनात तीन द्रव वाहत असतात : जाळण्यासाठी डिझेल, वंगणासाठी तेल आणि थंडाव्यासाठी पाणी. (आजकाल पाण्यात रसायने मिसळून त्यास कूलंट म्हणतात.) तिघांच्या वाटा वेगळ्या, परंतु घर एकच. मध्ये कोठे धातूची पातळ भिंत, कोठे रबराचे कडे, कोठे कागदाची वा तांब्याची चकती. ही भिंत फुटली की गळती झाली. द्रव घराबाहेर पडला तर ती बाह्य गळती. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर शिरला तर ती अंतर्गत गळती. पहिली जमिनीवर डाग पाडून आपला पत्ता देते. दुसरी मुकाट असते.

गळती कोणत्या दिशेने होईल हे ठरविणारा नियम शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. द्रव अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. हा एक नियम ध्यानात ठेवला तर निम्मी गळती बसल्या जागी ओळखता येते.

आधी आंघोळ, मग तपासणी

गळती शोधावयाची म्हटले की बहुतेक जण तेलकट जागेत हात घालून जो नट सापडेल तो आवळू लागतात. ही रीत चुकीची. तेल खाली ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते, वायरीच्या व नळ्यांच्या आधाराने तिरपे सरकते. म्हणून डागाच्या वर आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे पाहावे. सर्वांत वरचा ओला बिंदू हाच बहुधा गळतीच्या जवळचा असतो.

तो सापडण्यासाठी प्रथम थंड इंजिन स्वच्छ धुवावे, विजेच्या जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नये, आणि इंजिन पूर्ण कोरडे करावे. मग संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे व पाहावे. पांढऱ्या पुडीवर गळतीचा काळपट वा पिवळसर ठिपका जेथे प्रथम उमटतो तेथेच मूळ. वेल्डिंगच्या सांध्यांची परीक्षाही कारखान्यांत अशीच करीत. एका बाजूस खडू फासून दुसऱ्या बाजूस घासलेट लावीत. आजकाल तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली पाहण्याची सोय झाली आहे. ती उत्तमच, परंतु ज्याच्यापाशी तो दिवा नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. खडू प्रत्येक शाळेत मिळतो.

द्रव कोणता हे ओळखण्यास टीपकागद पुरे. त्यावर थेंब सोडावा. डिझेल झपाट्याने पसरते आणि त्याचा वास लपत नाही. वंगण तेल सावकाश पसरते व मध्ये काळा ठिपका ठेवते. कूलंट चिकट, गोडसर वासाचा आणि बहुधा हिरवा, निळा वा तांबडा असतो. त्याची चव मात्र कोणी घेऊ नये. कूलंट विषारी असतो. लहान मुलांपासून व जनावरांपासून तो दूर ठेवावा.

ऑइल कूलर : तेलाचा थंडावा

वंगण तेल केवळ घर्षण कमी करीत नाही, ते उष्णताही वाहून नेते. पिस्टन, बेअरिंगे व टर्बो यांना भेटून ते तापून येते. फार तापले की पातळ होते, आणि पातळ तेलाचा पदर बेअरिंगवर टिकत नाही. म्हणून भारी इंजिनांत तेलासाठी स्वतंत्र थंडावा करतात. काही ठिकाणी तेल रेडिएटरसारख्या जाळीतून वाऱ्याने थंड होते. परंतु ट्रक, बस व मोठे जनरेटर यांत बहुधा पाण्याने थंड होते. एका डब्यात बारीक नळ्यांचा जुडगा किंवा पातळ पत्र्यांची चळत असते. पत्र्याच्या एका अंगाने तेल जाते, दुसऱ्या अंगाने पाणी. उष्णता पत्रा ओलांडते. द्रवाने मात्र ओलांडावयाचे नसते.

कूलरच्या बाह्य गळतीचे कारण बहुधा त्याचे गॅस्केट, ओ-रिंग वा जोडनळी असते. उपाय सरळ आहे. जुने गॅस्केट खरवडून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व सपाट करावेत, नवे बसवावे आणि बोल्ट एका बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावेत. गॅस्केटावर हौसेने जाड थर देऊन चिकटद्रव्य फासू नये. त्याची आत दबलेली कडा तुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकते, आणि गळती थांबविण्याच्या नादात बेअरिंग उपाशी मरते.

अंतर्गत गळतीची गोष्ट निराळी. येथे दाबाचा नियम उपयोगी पडतो. इंजिन चालू असता तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन ते पाच किलो असतो, तर पाण्याचा एका किलोच्या आसपास. म्हणून कूलरचा पत्रा चिरला की चालू इंजिनात तेल पाण्यात जाते, आणि रेडिएटरचे झाकण उघडले की आत चहावरच्या सायीसारखा तपकिरी तवंग दिसतो. इंजिन बंद करताच तेलाचा दाब उतरतो, पण गरम पाण्याचा दाब काही वेळ टिकून राहतो. आता दिशा उलटते व पाणी तेलात शिरते. तेल मोजण्याच्या पट्टीवर ताकासारखा फेस दिसू लागतो. तेलात पाणी आल्याची शंका असेल तर गरम लोखंडी पत्र्यावर त्या तेलाचे एकदोन थेंब, चेहरा दूर ठेवून, उघड्या जागी टाकावेत. पाणी असेल तर तडतड होते.

परंतु रेडिएटरात तेल दिसले म्हणजे कूलरच गेला असे नाही, आणि येथेच पैशाची खरी नासाडी होते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा एकच ट्रक. त्यावर घरातील आठ माणसांचे पोट. रेडिएटरात तेल आले. एका गॅरेजात हेड गॅस्केट गेले असे सांगण्यात आले. हेड उतरविले, घासून सपाट केले, नवे गॅस्केट घातले; आठवडा गेला, कर्ज झाले, आणि तिसऱ्या फेरीला रेडिएटरात पुन्हा तेल. मग एका वृद्ध उस्तादांनी जे केले ते पहिल्या दिवशीच करता आले असते. त्यांनी थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केले व पाण्याकडे पाहत उभे राहिले. हेड गॅस्केट गेले असते तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरून एकसारखे बुडबुडे आले असते. बुडबुडे नव्हते. म्हणजे वायूची वाट शाबूत होती आणि तेलाची फुटली होती. त्यांनी कूलर उतरविला. तेलाच्या बाजूची तोंडे बंद केली, तीतून ठरल्या दाबाची हवा भरली आणि कूलर गरम पाण्याच्या टपात बुडविला. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर जसे दिसते, तशी बारीक बुडबुड्यांची रांग दिसली. पाणी गरम घेण्याचे कारण असे, की काही चिरा धातू तापून फुगल्यावाचून उघडत नाहीत.

चिरलेल्या कूलरला झाळ देऊन चालविण्याचा मोह टाळावा. पूर्वीच्या मोठ्या नळ्यांच्या कूलरात एखाददुसरी फुटलेली नळी दोन्ही टोकांनी बुजवून टाकीत, व ते चालेही. आजच्या पातळ पत्र्यांच्या कूलरात ती सोय नाही. तेथे आतला गाभाच बदलावा लागतो.

गाभा बदलला म्हणजे काम संपले असे नव्हे. पाण्याच्या वाटेतील तेल योग्य प्रक्षालकाने, इंजिन गरम करून, दोन-तीन वेळा धुऊन काढावे लागते. तेलाने फुगलेले रबरी पाइप बदलावे लागतात, नाहीतर ते वाटेत फुटतात. तेलात पाणी गेले असेल तर ते इंजिन ‘गॅरेजपर्यंत तेवढे नेऊ’ म्हणून मिनिटभरही चालवू नये, ओढून न्यावे. तेल व फिल्टर बदलावे आणि बेअरिंगे तपासावीत.

आता कूलर फुटतो का, तेही पाहू. विहिरीचे वा बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातले की आत कपच्या साचतात, काही वाटा तुंबतात व पत्रा विषम तापतो. गंजरोधक रसायन नसले की धातू झिजतो. रेडिएटरची गळती बुजविण्यासाठी बाजारात मिळणारी पूड घातली की ती रेडिएटरचे भोक बुजवील न बुजवील, कूलरच्या अरुंद वाटा मात्र खात्रीने अडवू पाहते. योग्य कूलंट आणि शुद्ध पाणी यांचा खर्च हा कूलरचा विमा आहे.

इटारसीच्या शेडची शिकवण

दिसणार नाही ती गळती आधीच ओळखण्याची शिस्त पाहावयाची असेल तर फार दूर जावे लागत नाही. भोपाळहून सुमारे ९० किलोमीटरवर इटारसीस रेल्वेची डिझेल शेड आहे. १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने भारतात आली, व १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. त्यांना लागणारी विजेची कर्षणयंत्रे आपल्या भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सने पुरविली. म्हणजे या इंजिनांशी आपल्या गावाचेही नाते आहे.

एवढ्या इंजिनाच्या पोटात शेकडो लिटर वंगण तेल असते. ते उघडून रोज कोण पाहणार? म्हणून रेल्वेच्या डिझेल शेडांत तेलाची प्रयोगशाळा असते. रक्ताची तपासणी करावी तशी ठरावीक मुदतीने प्रत्येक इंजिनाच्या तेलाची तपासणी होते. तेल पातळ झाले, त्याचा ज्वालनांक उतरला, तर त्यात डिझेल शिरले. तापल्या पत्र्यावर तडतडले तर पाणी शिरले. थंडाव्याच्या पाण्यात मिसळलेल्या रसायनाचा अंश तेलात सापडला, तर कोठेतरी भिंत झिरपू लागली आहे. आता विद्युतीकरणामुळे ती जुनी इंजिने मार्गावरून जवळजवळ निवृत्त झाली आहेत. परंतु त्यांची शिस्त लहान वाहनालाही लागू आहे. आठवड्यातून एकदा पट्टी काढून तेल पाहणे व बोटांत घेऊन हुंगणे, ही गरिबाची प्रयोगशाळा होय.

डिझेलची वाट : तीन टप्पे, तीन प्रकारची गळती

टाकीपासून नोजलपर्यंत डिझेलच्या वाटेचे तीन टप्पे पाडले की गळतीचा गोंधळ संपतो.

पहिला टप्पा टाकीपासून फीड पंपापर्यंतचा. येथे पंप डिझेल ओढतो. म्हणून नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेर ओलावा नाही, डाग नाही, आणि तरीही सकाळी इंजिन सुरू होण्यास फार वेळ घेते, किंवा चालता चालता दम टाकते. चालक म्हणतो, ‘गाडी एअर घेते आहे’, आणि ते अक्षरशः खरे असते. तपासणीसाठी वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा; बुडबुडे धावताना दिसतील. किंवा स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाहून उंच टांगून त्यातून थेट पुरवठा करून पाहावा. इंजिन नीट चालले तर दोष टाकीकडच्या वाटेत आहे.

उपाय म्हणजे कडक झालेला रबरी पाइप बदलणे, फिल्टरचे कडे नवे घालणे आणि सांध्यातील तांब्याची वायसरे बदलणे. दाबली गेलेली तांब्याची चकती कठीण होते व पुन्हा नीट बसत नाही. नवी न मिळाल्यास जुनी लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावी. ती मऊ होते. पोलाद असे केल्यास कठीण होते, तांबे मऊ होते. आमचे विद्यार्थी हा फरक ऐकून नेहमी चकित होतात. पाइपावर जी स्क्रूने कसण्याची पट्टी बसवितात तिला गॅरेजात ‘जुबली क्लिप’ म्हणतात. ल्युमली रॉबिन्सन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली ती काढली. जुबिलीच्या अंकात तिचा उल्लेख न करणे हा तिच्यावर अन्याय झाला असता. ती घट्ट असावी, पण रबर कापील इतकी नव्हे.

दुसरा टप्पा फीड पंपापासून मुख्य पंपापर्यंतचा, आणि नोजलपासून टाकीकडे परतणाऱ्या नळीचा. येथे दाब थोडा असतो. डिझेल थेंबथेंब गळते आणि धूळ धरून काळा चिखल होतो. ही गळती सापडण्यास सोपी. टाकीस बारीक चीर पडली तर चालक तिच्यावर अंगाचा साबण घासतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती युक्ती गॅरेज गाठेपर्यंत चालते. परंतु दुरुस्ती म्हणून नव्हे. डिझेलच्या टाकीला, ती रिकामी असली तरी, घाईने वेल्डिंग लावू नये. आतील वाफ स्फोट करते.

याच टप्प्यात अंतर्गत गळतीही होते. फीड पंपाचा पडदा फाटला, मुख्य पंपाचे सील गेले किंवा झाकणाखालची परतीची नळी सुटली की डिझेल वंगण तेलात उतरते. पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. गाडी तेल पीत नाही म्हणून कित्येक मालक खूश होतात! वाढलेली पातळी ही घटलेल्या पातळीपेक्षा अधिक भयसूचक आहे. पातळ तेल बेअरिंग खाते. आणि अति वाढलेले तेल इंजिनाने स्वतःच इंधन म्हणून ओढले तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही.

तिसरा टप्पा मुख्य पंपापासून नोजलपर्यंतचा. या पोलादी नळ्या जाड व भोक बारीक असते. त्यांची टोके शंकूच्या आकाराची असतात. नट आवळून गळती थांबत नसेल तर आणखी आवळू नये; शंकू चिरतो. नट सैल करून नळी सरळ बसते का पाहावी, हाताने नट फिरवून बसवावा, मग ठरल्या जोराने आवळावा. नळीला वाकवू नये, झाळू नये. चिरलेली नळी बदलावी. नळ्यांना धरणारे चाप कित्येकदा ‘जागा अडवितात’ म्हणून फेकून दिले जातात. चाप नसला की नळी थरथरते, आणि थरथरणारी नळी आज ना उद्या तुटते.

हात जपा

या लेखातील एकच परिच्छेद वाचावयाचा असेल तर तो हा. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला दोन-अडीच किलो दाब असतो. जुन्या पद्धतीचे नोजल सुमारे २०० किलो दाबाला उघडते. आजच्या कॉमन रेल इंजिनात तो १६०० किलोच्याही वर जातो. एवढ्या दाबाची केसाएवढी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून बोटात शिरते. बाहेर सुईच्या टोकाएवढे भोक दिसते, प्रथम फारसे दुखतही नाही. आत डिझेल मांसाचा नाश करीत असते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गॅरेजात चालू इंजिनाची गळती अंगठ्याने चाचपली. संध्याकाळी बोट सुजले, त्याने हळद लावली. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत टरटरला. अंगठा वाचला नाही. उजवा होता.

म्हणून चालू इंजिनाच्या नळ्यांवरून हात कधीही फिरवू नये. लांब दांडीला पुठ्ठा बांधून तो फिरवावा. धार पुठ्ठ्यावर उमटते. डोळ्यांवर चष्मा असावा. कॉमन रेल इंजिन बंद केल्यावर पुस्तकात सांगितलेला वेळ थांबल्यावाचून नट सैल करू नये, आणि जुन्या सवयीने चालू इंजिनावर नोजलचा नट सोडून हवा काढणे तर मुळीच करू नये. धार लागलीच तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, तत्काळ मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सकाकडे जावे व ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ हे शब्द स्वतः सांगावेत. काही तासांचा उशीर बोट घेऊन जातो.

दुसरे भय आगीचे. आपल्याकडील मोटारीच्या डिझेलचा ज्वालनांक किमान ३५ अंश सेल्सिअस ठरविला आहे. भोपाळचा मे महिना त्याच्या वर असतो. तापलेल्या एक्झॉस्टवर वा टर्बोवर डिझेलचा फवारा गेला तर ठिणगीचीही गरज लागत नाही.

एका थेंबाचा हिशेब

‘थेंबभर तर गळते’ असे म्हणणाऱ्यांसाठी सहावीच्या वर्गाचे गणित देतो. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर. दिवसाला दहा तास काम धरले तर १.८ लिटर, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५४० लिटर. भाव ज्याचा त्याने लावावा.

हे डिझेल जाते कोठे, तेही पाहू. रस्त्यावरचे तेल पहिल्या पावसात नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. राजा भोजाच्या नावाशी जोडला गेलेला आपला मोठा तलाव आजही शहराच्या मोठ्या भागाला पाणी पाजतो. २००२ साली तो रामसर यादीत गेला, आणि २०२३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यात क्रूझ व मोटारबोटी चालविण्यास मनाई केली. तलावाला जे बोटीचे डिझेल नको, ते आपल्या टेंपोचेही नको.

आणि भोपाळात राहून गळतीवर लिहिणाऱ्यास १९८४ चा डिसेंबर टाळता येत नाही. २ आणि ३ तारखांमधल्या त्या रात्रीची बरोबरी कोणत्याही इंजिनाशी करणे हे मृतांचा उपमर्द करण्यासारखे होईल. आम्ही ती करीत नाही. परंतु तिची शिकवण सांगणे आमचे कर्तव्य आहे. जेथे पाणी जावयाचे नव्हते त्या टाकीत पाणी गेले. थंडावा देणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडनळी काढलेली होती. त्यापूर्वी १९८१ व १९८२ साली त्याच कारखान्यात लहान गळत्या झाल्या होत्या व त्यांनी इशारा दिला होता. लहान गळती म्हणजे मोठ्या गळतीची चिठ्ठी असते. ती वाचावयाची की फाडावयाची, एवढेच माणसाच्या हाती असते.

घरोघरी पाळण्याजोगे

सोयीसाठी काही नियम एकत्र देतो.

१. गाडी रात्रभर उभी असते तेथे खाली जुना पुठ्ठा टाकावा. सकाळी त्यावरचा डाग वाचावा.

२. आठवड्यातून एकदा थंड इंजिनाची तेलाची पट्टी व रेडिएटर पाहावे. पातळी घटली तरी विचारावे, वाढली तर त्वरित विचारावे.

३. धुतल्यावाचून व वाळविल्यावाचून गळती शोधू नये. सापडल्यावाचून काही बदलू नये.

४. मोठा खर्च सांगितला गेला तर आधी कोणती परीक्षा केली, असे नम्रपणे विचारावे. चांगल्या उस्तादास या प्रश्नाचा राग येत नाही.

५. चालू इंजिनाजवळ पुठ्ठा जाईल, हात जाणार नाही.

६. काढलेले जुने तेल नालीत ओतू नये. डब्यात साठवून ते घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावे.

न्यासाच्या जनरेटरजवळ व रुग्णवाहिकेत एक वही टांगावी आणि वरील तपासणीची तारीख व सही तीत रोजच्या रोज व्हावी, अशी विश्वस्तांस आमची विनंती आहे. तेलाची पातळी लिहिण्यास एक ओळ पुरते. ज्या रात्री कोणाच्या घरून रुग्णवाहिकेसाठी निरोप येईल, त्या रात्री ती पहिल्याच चावीला सुरू झाली पाहिजे.